म्हसोबावरचा ब्लॉक

कासारवाडीत त्या वर्षांत उठेल तो घरमालक होत होता. कंपन्यांना जमिनी गेल्या, हातात पैसा आला, आणि कालपर्यंत बांधावर उकिडवं बसून विडी ओढणारी माणसं आता गॅलरीत खुर्ची टाकून विडी ओढू लागली. विडी तीच, माणूस तोच, फक्त खाली बिल्डिंग आली होती. सिमेंटला परवाना लागायचा, म्हणून निम्मी बिल्डिंग परवान्याची आणि निम्मी चोरीची. भिंतींची ओल गेलेली नसायची तोवर मालक दाराला तोरण बांधून, बाहेर पाटी लावून मोकळे. 'दोन खोल्यांचे ब्लॉक भाड्याने देणे आहे.' फ्लॅट हा शब्द अजून तिकडं पोचला नव्हता. संडास आणि नळ दोन्ही दाराच्या आत असले की त्याला ब्लॉक म्हणायचं, आणि असा ब्लॉक असलेल्या माणसाला साहेब.

विलास ओव्हाळ दर गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीला, या पाट्या वाचत हिंडायचा. पिंपरीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत तो टूलरूमला होता. कायमची नोकरी, इस्त्रीचा शर्ट, तोंडात साधं पानसुद्धा नाही. घरमालकांना तो पहिल्या नजरेत पसंत पडायचा. ते स्वतः कुलूप काढायचे, नळ सोडून दाखवायचे, वारा कसा येतो ते खिडकीत उभं राहून दाखवायचे. मग जिना उतरता उतरता, अगदी सहज, आडनाव विचारायचे. ओव्हाळ म्हटलं की वारा पडायचा. एकाला एकदम आठवायचं की ब्लॉक मेहुण्याला कबूल केलाय. दुसऱ्याला बायकोला विचारावं लागायचं आणि बायको नेमकी माहेरी गेलेली असायची. एकानं तर सांगितलं, पाटी जुनी आहे, काढायची राहिली. विलासनं पाटीवर बोट टेकवलं तर बोटाला ओला रंग लागला. ते बोट त्यानं मालकाच्या नव्या चुन्याला पुसलं आणि तो परत आला.

शिकलेल्यांची तऱ्हा आणखी निराळी. त्याच्याच कंपनीत प्लॅनिंगला नंदकिशोर नावाचे गृहस्थ होते. कंपनीच्या वाचनालयात जातपात कशी मोडावी यावर ते दर वर्षी भाषण द्यायचे आणि ते देताना त्यांचा गळा भरून यायचा. चिंचवडला त्यांनी नवा बंगला बांधला होता आणि वरचा मजला रिकामा होता. विलास विचारायला गेला तर त्यांनी चांगल्या कपात चहा दिला, बिस्किटं दिली, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "माझं काही नाही हो विलासराव. पण आईचं वय झालंय. तिला या वयात बदलणं जमत नाही." आई गेली कित्येक वर्षं लेकीकडे इंदूरला राहत होती. नंदकिशोरांपेक्षा तो ओल्या रंगाचा मालक परवडला, असं विलासला वाटलं. त्यानं निदान पाठीवर हात तरी ठेवला नव्हता.

हे सगळं त्यानं हसण्यावारी नेलं असतं. तोंडाचा तो तिखट होता. घरी येऊन एकेका मालकाची अशी नक्कल करायचा की बायको, कस्तुरा, पोट धरून हसायची. पण आता त्या पोटाचे दिवस भरत आले होते. रेल्वेलाइनच्या कडेला पत्र्याच्या एका खोलीत ही तिघं राहत होती : विलास, कस्तुरा आणि विलासची आई सोजरबाई. गेल्या वैशाखात याच पत्र्याखाली त्यांची पहिली मुलगी गेली. पत्रा तापून खोलीची भट्टी झाली होती, सार्वजनिक नळाला गटाराचं पाणी मिसळलं होतं, आणि तान्ह्या पोरीला उलट्या-जुलाब सुरू झाले ते थांबलेच नाहीत. तिला पोचवून आल्यावर विलासनं आईला आणि बायकोला एकच गोष्ट सांगितली होती. दुसरं मूल पत्र्याखाली जन्माला घालायचं नाही. त्याला डोक्यावर स्लॅब पाहिजे आणि घरात स्वतःचा नळ पाहिजे. म्हणून तो दर गुरुवारी ओव्हाळ हे आडनाव घेऊन निघायचा आणि ते आडनाव घेऊन परत यायचा.

आणि मग एके दिवशी उलटंच घडलं. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या गेटबाहेर एक घरमालकच त्याला शोधत उभा होता. उद्धवराव कासारवाडीतले जुने बागाईतदार. पांढरी टोपी, पांढरं धोतर, आणि धोतराखाली नवेकोरे बूट. ते चावत असावेत, कारण उद्धवराव एकदा या पायावर आणि एकदा त्या पायावर उभे राहत होते.

"तुमी वव्हाळ न्हवं?" त्यांनी विचारलं. "जागा बघताय म्हनं."

"बघतोय."

उद्धवरावांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज उतरवला. "तुमच्यातलं... म्हंजी ते दीक्षा घेतल्यालं न्हवं तुमी?"

विलासच्या कानशिलात जाळ झाला. आजवर लोक निदान जिना उतरेपर्यंत थांबायचे. हा माणूस रस्त्यात विचारत होता. "हो," तो म्हणाला. "बौद्ध आहोत. का?"

"मग झाक," उद्धवराव खुशीत येऊन म्हणाले. "मला तसंच मानूस पायजे."

विलासला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण उद्धवराव त्याच संध्याकाळी ब्लॉक दाखवायला घेऊन गेले, आणि विलासनं मुद्दाम आईला आणि कस्तुराला बरोबर नेलं. दगड, वाळू आणि मोडक्या फळ्यांच्या मधोमध तीन मजल्यांची कोरी बिल्डिंग उभी होती आणि तिच्यात एक माणूस नव्हता. उद्धवरावांनी तळमजल्यावरचा ब्लॉक उघडला. दोन मोठ्या खोल्या, मोझॅकची फरशी, स्वयंपाकाला कडाप्पाचा ओटा, ओट्याशेजारच्या मोरीत नळ, आत संडास. हे घर मालकानं स्वतःसाठी बांधलंय हे आंधळ्यालाही कळलं असतं. कस्तुरानं नळ सोडला आणि पाणी पडायला लागलं तशी ती तिथंच उभी राहिली.

भाडं उद्धवरावांनी इतकं कमी सांगितलं की विलासला संशय आला. तो काही विचारणार तेवढ्यात सोजरबाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "हितं म्हसोबा व्हता की वो, धाकलं मालक. बांधावर. कुठं गेला?"

विलासला माहीत नव्हतं ते हे, की आईनं तरुणपणी याच रानात खुरपणी केली होती. उद्धवरावांच्या बापाच्या वेळेला. उद्धवरावांनी ओळखलं आणि त्यांचा चेहरा पडला. "सोजरे, तू व्हय?" ते म्हणाले. मग दारात बसकण मारून त्यांनी सगळं ओकून टाकलं.

बिल्डिंगसाठी बांध मोडला तेव्हा म्हसोबाचा दगड घरंगळला. पावसानं शेंदूर धुऊन निघाला. मजुरांना वाटलं दगड तो दगड, त्यांनी तो पायाच्या भरावात टाकला, आणि वर बिल्डिंग उभी राहिली. स्लॅब पडल्यावर हे उद्धवरावांच्या लक्षात आलं. मग दुभती गाय मेली. मग धाकटा भाऊ मोटरसायकलवरून पडला. तो देशी पिऊन पडला होता हे साऱ्या गावाला माहीत होतं, पण गायीनं काही घेतलं नव्हतं. गावच्या देवऋष्यानं, ज्योतीरामनं, सांगितलं की म्हसोबा पायात घातलाय, आता या वास्तूत जो पहिली चूल पेटवील त्याला तो धरील. तेव्हा पहिलं वर्ष दुसऱ्या कुणाला तरी काढू द्या.

"आणि तो दुसरा मी," विलास म्हणाला.

"तुमाला काय हाय त्याचं?" उद्धवराव कळवळून म्हणाले. "तुमी देव सोडलं न्हवं का? मग तुमाला म्हसोबा बाधत न्हाई. वळख ना पाळख त्या मानसाला कोन कशाला धरंल?"

विलास त्यांच्याकडं बघत राहिला. इतके दिवस ज्या कारणासाठी सगळे दार लावत होते, त्याच कारणासाठी हा माणूस दार उघडून बसला होता. अपमान तोच होता, नुसता सदऱ्यासारखा उलटा करून घातलेला. एखाद्याच्या अंगावरून नारळ ओवाळून टाकतात, तसं हा आपल्याला आणि पोटातल्या पोराला बिल्डिंगवरून ओवाळून टाकतोय, हे त्याला लख्ख दिसत होतं. त्याच्या जिभेवर चांगली चार वाक्यं आली. पण मोरीत नळ अजून चालू होता आणि कस्तुरा त्याखाली हात धरून उभी होती.

तेवढ्यात सोजरबाई हसायला लागली. ती अशी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. "आरं, ह्या म्हसोबाला शिवू देत न्हवते मला," ती लेकाला म्हणाली. "नारळ लांबनं ठेवायचा आनि मागं सरायचं. आनि आता म्हनत्यात, त्याच्या डोस्क्यावर अंथरून टाकून नीज. घे, विलास. घे ही जागा."

दुसऱ्या दिवशी अकरा महिन्यांच्या करारावर सही करायला विलास आणि सोजरबाई उद्धवरावांच्या गावठाणातल्या घरी गेले. सही ओसरीवर झाली. उद्धवरावांची बायको अंबुबाई चहा घेऊन आली. कोनाड्यात वेगळे ठेवलेले कानतुटके कप तिनं आधी बाहेर काढले, ओसरीच्या कडेला मांडले, आणि वरून, धार न तुटू देता, चहा ओतला. सोजरबाईनं चहा घेतला, अंगणातल्या रांजणाचं पाणी अंबुबाईनं वरून ओतलं त्यात कप विसळला आणि कोनाड्यात पालथा घातला. चाळीस वर्षांची सवय, हात आपोआप चालले. विलासनं आपल्या कपाला हात लावला नाही. घरी येताना तो आईवर चिडला. "तुला कप विसळायची काय गरज होती?"

"पेलेला कप विसळाय लागतो," सोजरबाई म्हणाली.

राहायला आले त्या दिवशी उद्धवराव उंबऱ्याच्या बाहेर, रस्त्याच्या बाजूला, पळायला सोयीचं पडेल असे उभे होते. कस्तुरानं स्टोव्ह पेटवला. उद्धवरावांनी दूध स्वतः आणून दिलं होतं, वास्तूला उतू घालायला. सोजरबाईनं छप्पन साली देव्हारा पवनेत सोडला होता तो दूध सांडायला नव्हे. तिनं त्या दुधाचा चहा केला. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर लावली, तिघांनी वंदना म्हटली आणि चहा घेतला.

"दूध गेलं का उतू?" बाहेरून आवाज आला.

"पोटात गेलं," सोजरबाईनं उत्तर दिलं.

त्यानंतर दर अमावास्येला उद्धवराव हजेरी लावायचे. आत कधी आले नाहीत. उंबऱ्याबाहेरून मान लांब करून विचारायचे, "समदं ठीक हाय न्हवं?" ठीक आहे म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेबरोबर थोडी निराशाही दिसायची. आपण एवढं भाडं सोडलं आणि म्हसोबा काहीच करत नाही, हे त्यांना मालक म्हणून बरं वाटत नसावं. कस्तुरा चहा विचारायची आणि ते दर वेळी म्हणायचे, "आत्ताच घेतला." विलासला वाटायचं, या माणसाचा दिवसभर दुसरा धंदाच नाही, हा बसून नुसता चहा घेतो. तो गेला की विलास दारात उभा राहून मान लांब करायचा, टोपी सारखी करायचा आणि म्हणायचा, "आत्ताच घेतला, आत्ताच घेतला." कस्तुरा हसायची.

मूल झालं. मुलगा, आणि धट्टाकट्टा. भीमराज नाव ठेवलं. त्याला शिंक आली तर उद्धवराव गावठाणातून चालत यायचे. पण भीमराज स्लॅबखाली आणि स्वच्छ पाण्यावर असा फुगला की आजी त्याला म्हसोबाच म्हणायला लागली. उन्हाळा आला आणि गेला. कस्तुरा रोज दुपारी त्याला फरशीवर उघडा निजवायची आणि शेजारी बसून राहायची, काही न करता. ती काय बघत बसते हे विलासनं कधी विचारलं नाही. पत्र्याखालचा तो वैशाख त्यालाही आठवत होता.

तळमजल्यावरचा धुगधुगी धरून आहे हे बघून उद्धवरावांना धीर आला आणि त्यांनी वरचे मजले भाड्यानं दिले. कारकून आले, शिक्षक आले. त्यांना म्हसोबाचं कुणी सांगितलं नाही. त्यांनी मात्र खाली कोण राहतं ते आल्या आल्या विचारून घेतलं, आणि जिना चढताना भिंतीच्या बाजूनं चढायला लागले.

करार संपत आला तसा कस्तुराचा जीव खालीवर व्हायला लागला. तिनं सरळ सांगितलं, "तुम्ही म्हणा की रात्री भिंतीतनं ठोकल्यावानी आवाज येतो. एवढंच म्हणा. तो माणूस परत या घराचं नाव काढणार नाही."

विलास तिच्यावर खेकसला. आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्यात, भुताखेताच्या बाता मारायला का? पण तिनं झोपलेल्या भीमराजकडं बोट दाखवलं आणि त्याचा आवाज बसला. त्या आठवड्यात त्यानं दोन पाट्यांची चौकशी केली. एक मेहुण्याला कबूल झालेली होती आणि दुसरी जुनी होती.

त्यामुळे उद्धवराव शेवटचं विचारायला आले तेव्हा विलास तयारीत होता. वर्षभर ज्यांची नक्कल केली त्यांच्यासारखंच आता आपल्याला तोंड करायचंय, या विचारानं त्याला स्वतःची किळस आली होती. तरी त्यानं केलं. "तसं ठीक आहे," तो म्हणाला, "पण खरं सांगायचं तर रात्रीचा..."

"काय न्हाई रात्रीचा," सोजरबाई आतून बाहेर येत म्हणाली. "त्यो खोटं बोलतोय. रात्रीचा आमी निजतो. येक दीस वंगाळ गेला न्हाई ह्या घरात."

विलासनं तिच्याकडं असं पाहिलं की दुसरी बाई असती तर आत गेली असती. उद्धवराव मात्र हरखून गेले. त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच जमिनीला हात जोडले, म्हसोबा निवला म्हणाले, आणि महिनाअखेर जागा मोकळी करा म्हणाले. कस्तुरा सासूशी दोन दिवस बोलली नाही.

"घर गेलं तुझ्या खरेपणापायी," विलास आईला म्हणाला.

"देव सोडला तवा भ्याव बी सोडलं," सोजरबाई म्हणाली. "आता घरासाठी त्ये परत आनू व्हय? मग तेवढा दगूड उकरून काढ आनि शेंदूर लाव."

युनियनवाल्यांनी सांगितलं, बसून राहा, कोर्टात जाऊ दे त्याला. पण सही केली होती. विलासनं रेल्वेलाइनला पत्र्याची एक खोली ठरवली. आधीच्या खोलीपासून जवळच होती.

महिना संपायला थोडे दिवस असताना, एका गुरुवारी, उद्धवराव अंबुबाईला तिचं नवं घर दाखवायला घेऊन आले. ती बाई उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. आत विलास भांडी पोत्यात भरत होता. दार उघडं होतं, आणि आतल्या माणसांना ऐकू जाईल याची फिकीर करण्याइतकी ती माणसं दोघांनाही वाटत नव्हती.

"त्यो वटा?" अंबुबाईनं लांबूनच विचारलं. "त्यावर ह्यांनी काय काय शिजवलं आसंल."

"आगं, फरशी बदलून घिऊ. गोमूत्र शिंपडू."

"वट्याला शिंपडशीला. पायात गाडल्याल्या देवाला कसं शिंपडनार? बिल्डिंग उचलनार?"

"त्यो निवला म्हनतोय मी."

"निवला, पर कुनाच्या अन्नावर निवला?" अंबुबाईचा आवाज चढला. "वरीसभर ह्यांच्या चुलीचा वास त्याला गेला. आता त्याला आपला निवद चालंल का? आनि त्यो बाटलेला देव आपल्याला चालंल का? आदी ह्याचा जबाब द्या, मग घर दावा."

ती तशीच वळली आणि उद्धवराव बायकोमागं निघून गेले. विलास पोत्यावर बसला आणि त्याला हसू आवरेना. कस्तुरा धावत आली, तरी तो हसतच होता. देवाच्या भीतीनं ज्यांना घरात घातलं, त्यांच्या विटाळानं आता देवच नासला होता. असली गाठ या माणसाला कोर्टानं घालून दिली नसती, ती त्यानं स्वतःच्या हातानं घातली होती. पण हसून झाल्यावर पोतं पुन्हा भरायला घ्यावंच लागलं. मालकाची फजिती झाली म्हणून पत्रा तापायचा थांबणार नव्हता.

शेवटच्या दिवशी सकाळी सामान दारात काढून ठेवलं. वळकट्या बांधल्या, तसबिरी चादरीत गुंडाळल्या. फक्त भीमराजची झोळी सोडायची राहिली होती, कारण तो तिच्यात झोपला होता आणि कस्तुरा तिला हात लावायला तयार नव्हती. विलास टेम्पो बघायला निघणार तोच उद्धवराव आले. बूट हातात, अनवाणी. घाईनं आले होते.

"न्हाई न्हाई, जायाचं न्हाई," ते म्हणाले. "ऱ्हावा तुमी. तुमचंच घर हाय, विलासराव."

ज्योतीरामनं रात्री नवा कौल दिला होता. म्हसोबानं या लोकांची चूल मान्य केली आहे. आता त्यांना हलवलं तर तोही त्यांच्याबरोबर उठेल, आणि तो उठला की बिल्डिंगचं काय होईल ते ज्योतीरामलाही सांगता येत नव्हतं. करार नवा करू, भाडं तेच ठेवू, हवी तितकी वर्षं राहा, असं उद्धवराव उंबऱ्याबाहेरून भराभरा बोलत होते, आणि बोलताना एक हात त्यांनी भिंतीला टेकवला होता, जणू ती आत्ताच कलायला लागली आहे.

वर्षभराचं साठलेलं सगळं विलासच्या ओठांवर आलं. "तुमचा देव बाटला म्हणून आम्ही राहायचं?" तो म्हणाला. "आम्हाला माणूस म्हणून कुणी घर देणार आहे का नाही? आम्ही चाललो. तुम्ही आणि तुमचा म्हसोबा राहा इथं."

हे बोलताना त्याला फार बरं वाटलं. मग त्याची नजर झोळीवर गेली. कस्तुरा झोळीची दोरी घट्ट धरून त्याच्याकडं बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत अभिमान नव्हता, नुसता वैशाख होता.

"उद्धवराव, आत या," सोजरबाई म्हणाली. तिनं त्यांना मालक म्हटलं नाही हे विलासच्या लक्षात आलं. "बसा. कस्तुरा, स्टो काढ. चहा टाक."

"चहा नगं. आत्ताच..."

"आत्ताच घेतला आसंल. आजून येक घ्या. मग ऱ्हायाचं का जायाचं ते सांगते."

उद्धवरावांनी रस्त्याकडं पाहिलं. रस्त्यावर ओळखीचं कुणी नव्हतं. मग त्यांनी उंबरा ओलांडला, अकरा महिन्यांत पहिल्यांदा, आणि बांधलेल्या वळकटीवर टेकले. कस्तुरानं पोत्यातून स्टोव्ह काढला, पातेलं काढलं. सोजरबाईनं स्वतः पोत्यात हात घालून कप शोधला. फुलांचा, बशीसकट, भीमराजच्या बारशाला घेतलेला. "आमच्यात पाव्हन्याचा येगळा कप नसतो," ती म्हणाली. "ज्यातनं आमी पितो त्योच ह्यो."

उद्धवरावांनी कप हातात धरला. वाफ त्यांच्या मिशांपर्यंत गेली. त्यांनी एकदा डोळे मिटले, आणि एरंडेल घ्यावं तसा सगळा चहा एका दमात घेतला. तोंड पोळलं असणार. विलास जागचा हलला नव्हता. वर्षभर त्यानं या माणसासाठी किती वाक्यं घडवली होती, टूलरूममध्ये धार लावावी तशी, आणि आईनं त्यातलं एकही वापरलं नव्हतं.

सोजरबाई उद्धवरावांच्या तोंडाकडं बारकाईनं बघत होती. "बाधलं काय?" तिनं विचारलं.

"न्हाई," उद्धवराव खालच्या आवाजात म्हणाले. "न्हाई, सोजरबाई."

"मग ऱ्हातो आमी."

उद्धवरावांनी सुस्कारा सोडला, कप खाली ठेवला आणि ते उठायला लागले.

"कप तेवढा विसळून ठेवा," सोजरबाई म्हणाली. "मी तुमच्या घरी ठेवला व्हता. नळ आत हाय."

ते तिच्याकडं बघत राहिले. ती रागावलेली नव्हती, हसतही नव्हती. एखाद्याला वाट सांगावी तसं तिनं सांगितलं होतं. मग उद्धवरावांनी वाकून कप उचलला, बशी उचलली, आणि ज्या स्वयंपाकघरात त्यांची बायको पाय ठेवणार नव्हती त्यात ते गेले. नळाचं पाणी पडल्याचा आवाज आला. त्यांनी कप धुतला, बशी धुतली, आणि दोन्ही कडाप्पाच्या ओट्यावर पालथी घातली.

सोजरबाईनं पाणी बंद होईपर्यंत वाट पाहिली. मग तिनं कस्तुराला वळकट्या सोडायला सांगितल्या.